तुम्ही स्वतः शेवटचा हक्क कधी वापरला? (जळगाव-धुळे-नंदुरबारकरांनी जरूर लिहा)

गिरणाथडी
आपल्याकडे हल्ली एक बोलणं फार कानावर येतं. पारावर, एसटीत, लग्नाच्या पंगतीत. "हक्क-बिक्क राहू द्या, कामं झाली पाहिजेत." बोलणारे अडाणी नसतात. बरेच जण शिकलेले, नोकरीतले असतात. मला हे ऐकून वाईट वाटतं, आणि काळजीही वाटते. रस्ता का झाला नाही, पैसा कुठे गेला, हे विचारता येणं हाच तर हक्क आहे. तोच नको म्हटलं तर काम मागायचं कशाच्या जोरावर?

नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार मेहता हातात झेंडा घेऊन गोळीला सामोरा गेला तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. त्याच्याबरोबर आणखी चार जण गेले. ज्या चौकात बोलायला तेव्हा जीव द्यावा लागला, तिथे आज कोणीही माइक लावून बोलू शकतो. मग आपण बोलतो का?

कलमांची यादी नको, ती पुस्तकात आहे. अलीकडे तुम्ही स्वतः कोणता हक्क वापरला, कोणी अडवलं, पुढे काय झालं ते लिहा. वापरायचा सोडून दिला असेल तर का, तेही लिहा.

केळीबाग_रावेर
मतदान दर वेळी करतो. बाकी खरं सांगायचं तर वेळ मिळत नाही. केळीचा भाव पडला की रस्त्यावर बसतो, ते धरायचं का?

गिरणाथडी
@केळीबाग_रावेर, धरायचं म्हणजे काय, तेच तर आहे! शांततेने, विनाशस्त्र एकत्र येणं, घटनेचं कलम १९. फक्त अँब्युलन्सला वाट द्या.

तात्या_चोपडा
रस्त्यावर बसणं धरलं तर मग आमचा तालुका राज्यात पहिला :)

मु_पो_पारोळा
मी लिहितो. माहिती अधिकार.

गावात वित्त आयोगाच्या निधीतून गटार झाली. मी ग्रामपंचायतीत अर्ज दिला. साधा कागद, वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि बिलांच्या प्रती मागितल्या. अर्ज सकाळी दिला आणि संध्याकाळी फोन आला. मला नाही, माझ्या काकांना! "आप्पा, पोऱ्या काय करी राह्यना? घरचंच काम शे." घरचंच म्हणजे, ठेकेदार माझ्या आत्याच्या दिराचा मुलगा.

रात्री काका ओट्यावर येऊन बसले. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुझं बरोबर आहे, पण आपल्याला त्यांच्या दारात जावं लागतं." हे उत्तर देणं फार कठीण असतं. सरकारी माणूस धमकावतो तेव्हा चीड येते, पण आपलाच माणूस हात जोडतो तेव्हा पाय मागे येतो.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही. पहिलं अपील केलं, सुनावणी झाली आणि कागद मिळाले. प्रतीचे दोन रुपये पान. पुस्तिकेत गटार मारुतीच्या देवळापासून शाळेच्या फाटकापर्यंत गेलेली. जमिनीवर ती रेशन दुकानापाशीच संपते. मी काही भाषण केलं नाही. ग्रामसभेत ते पान वाचून दाखवलं आणि म्हटलं, चला, सगळे मिळून बघून येऊ. पंधरा-वीस माणसं खरंच उठून आली.

उरलेला तुकडा पावसाळ्याआधी झाला. आत्याकडे मात्र अजून बोलणं सुरू नाही.

माहेरवाशीण_अमळनेर
@मु_पो_पारोळा, शेवटची ओळ वाचून थांबले. सवडीने लिहिते.

ओट्यावरचा
भाऊ, जबरदस्त. आमच्याकडे ग्रामसभा रजिस्टरमध्येच होते. सह्या घरोघर फिरून घेतात.

कारकून_पंचायत_समिती
दुसरी बाजूही ऐका. मी याच खात्यात आहे, त्यामुळे नाव-गाव सांगत नाही. पारोळ्याच्या भाऊंसारखा अर्ज आला तर आम्हालाही बरं वाटतं. एक काम, तीन कागद, विषय स्पष्ट. पण एकच माणूस तालुक्यातल्या सगळ्या ग्रामपंचायतींची पाच-पाच वर्षांची सगळी माहिती मागतो, आणि नंतर तोच "बसून मिटवू" म्हणत येतो. उशीर झाला की दंड आमच्या पगारातून, दिवसाला २५० रुपये, २५ हजारांपर्यंत. खरं काम करणारे ग्रामसेवकही यात भरडले जातात. हक्काचा धंदा करणाऱ्यांनी हक्काची पत घालवली, हे कोणी लिहीत नाही.

मु_पो_पारोळा
साहेब, तुमचं म्हणणं मान्य. असे दोन-चार जण आमच्याही तालुक्यात आहेत. पण त्यावर औषध कायद्यातच आहे. कलम ४ प्रमाणे कामं, खर्च, निर्णय कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायचे. गटारीची मोजमापं फलकावर लावली असती तर मला अर्जच करावा लागला नसता, आणि मिटवायला येणाऱ्याच्या हातात काही उरलं नसतं.

वकील_धुळे
यात एक भर. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातल्या कलम ८(१)(ञ) मध्ये बदल केला. वैयक्तिक माहिती नाकारण्याच्या त्या कलमात आधी व्यापक जनहिताची सवलत होती, ती काढली. जनहिताची वाट कलम ८(२) मध्ये अजून उघडी आहे. "ही वैयक्तिक माहिती आहे" असं उत्तर आलं तर अपिलात ८(२) चा उल्लेख करा आणि जनहित काय ते दोन ओळींत मांडा. २००५ चा हा कायदा लोकांनी भांडून मिळवला. तो बारीक होत जाताना आपण गप्प बसू नये असं मला मनापासून वाटतं.

माहेरवाशीण_अमळनेर
आता लिहिते. इथे बहुतेक पुरुष आहेत, म्हणून जास्तच लिहावंसं वाटतं.

वडील गेले. तलाठ्याने वारस नोंद केली, त्यात आई, भाऊ आणि आम्हा दोघी बहिणींची नावं लागली. कोणी उपकार केला नाही, कायदाच तसा आहे. महिना गेला आणि भावाचा फोन. "ताई, एक सही करायची आहे, येऊन जा." हक्कसोड.

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात माझ्या मोठ्या बहिणीचा अंगठा यंत्रावर उमटत नव्हता. जन्मभर निंदणी-खुरपणी केलेलं बोट ते. ऑपरेटर पुसायचा, पुन्हा दाबायचा. वहिनी पिशवीत साडी घेऊन बाजूला उभी. सही झाली की साडी द्यायची, अशी रीत आहे ना आपल्याकडे. आठ बिघे जमिनीतला हिस्सा आणि एक साडी. बहिणीने सही केली, कारण तिला माहेर हवं होतं. मी केली नाही. मी म्हटलं, जमीन तूच कस, मला पीक नको, वाटणीची मोजणीही नको. फक्त नाव राहू दे. माझ्या बापाच्या उताऱ्यावर माझं नाव असावं एवढंच.

त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मला न्यायला मुराळी आला नाही. गल्लीतल्या सगळ्या सासुरवाशिणी माहेरी झोके खेळायला गेल्या आणि मी इथे सांजोऱ्या तळत होते. आत्याने फोन करून सांगितलं, "बाईच्या जातीने एवढं कायद्यावर बोट ठेवू नये."

गिरणाथडी, तुम्ही विचारलंत कोणी अडवलं. मला सरकारने अडवलं नाही, पोलिसाने नाही, कोर्टाने नाही. माझ्या बाजूला कायदा होता, माझी माणसं नव्हती.

अहिराणी_बोल
खरं शे ताई. भाऊस्नी बी हाई वाचाले पाह्यजे.

केळीबाग_रावेर
ताईंचं दुःख कळतं. पण शेतकऱ्याच्या बाजूनेही बोलायला हवं. आधीच वाटण्या होऊन एकराच्या आत आलो. कर्ज भावाच्या डोक्यावर, आई-बाप भावाकडे, बहिणीच्या लग्नाचा खर्चही त्यानेच केला. कर्ज काढायला गेलं की उताऱ्यावरच्या प्रत्येकाची सही लागते. एक बहीण सुरतेत, एक नाशकात. नाव राहू दे म्हणणं सोपं आहे, रोजचा व्यवहार भावाला करावा लागतो.

माहेरवाशीण_अमळनेर
सहीला मी कधी नाही म्हणाले? सोसायटीच्या कर्जाला दोनदा जाऊन आले, स्वतःच्या भाड्याने. भावाचं कर्ज ते माझंही कर्ज, असं मीच म्हणते. आणि दादा, दोन भावांत वाटणी झाली की तुकडे होतात, तेव्हा "धाकट्याने हक्क सोडावा" असं कोणी म्हणतं का? तुकड्यांची काळजी बहिणीपाशीच का आठवते?

केळीबाग_रावेर
याला माझ्याकडे उत्तर नाही ताई. घरी बोलतो.

वकील_धुळे
कायदा थोडक्यात. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हिस्सा आहे. वडील त्या तारखेला हयात असोत वा नसोत, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केलं. हक्कसोड स्वखुशीने करायचं असतं. दबावाखाली घेतलेली सही आव्हान देण्याजोगी असते, पण ते सिद्ध करणं जड जातं, म्हणून सही करण्याआधीच थांबा. आणि स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक बायकांना हे पहिल्यांदाच कळतं.

एमपीएससी_शहादा
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मी चार वर्षांपासून अभ्यास करतोय, राज्यघटना तोंडपाठ आहे. पण मला वाटतं आपल्याकडे हक्क जास्त झाले आणि शिस्त कमी. अमळनेरजवळ पाडळसरे धरण बघा, एक पिढी गेली. प्रत्येक गोष्टीला आंदोलन, प्रत्येक गोष्टीला स्टे. दहा वर्षं कडक कारभार असेल आणि त्यासाठी थोडं स्वातंत्र्य कमी झालं, तर बिघडलं कुठे?

तात्या_चोपडा
आला का वाघ पिंजऱ्यात :) आता जुने लोक जागे होतील.

जुना_वाचक_जळगाव
जागाच आहे. पोरा, रागावत नाही, पण पूर्ण वाच.

जून १९७५ मध्ये आणीबाणी लागली तेव्हा मी कॉलेजात होतो. पहिले काही महिने लोक तुझ्यासारखंच म्हणायचे. गाड्या वेळेवर, साहेब टेबलावर. आमच्या ओळखीचे एक मास्तर होते, साने गुरुजींच्या मुशीतले, आवाज कधी चढवला नाही. त्यांना पहाटे उचललं. गुन्हा काय ते सांगितलं नाही, कारण मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय डांबून ठेवण्याच्या कायद्याखाली, सांगावंच लागत नव्हतं. त्यांची बायको कचेरीत विचारायला जायची तर माणसं तिला पाहून रस्ता बदलायची. समाजवादी, संघाचे, सर्वोदयी, सगळ्या रंगांची माणसं एका भिंतीआड होती. पेपरात यातलं काही येत नव्हतं, सेन्सॉर होता. गाडी वेळेवर आली ही बातमी तेवढी छापून येई.

आता तुला तोंडपाठ असलेली गोष्ट. २८ एप्रिल १९७६. सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने सांगितलं की आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्ध नागरिकाला कोर्टात दाद मागता येणार नाही. एकटे न्या. ह. रा. खन्ना विरोधात उभे राहिले आणि त्यांचं सरन्यायाधीशपद गेलं. पुढे ४४ वी घटनादुरुस्ती झाली. आता आणीबाणीतही कलम २० आणि २१ स्थगित करता येत नाहीत, जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क त्यातच येतो. तो ७६ चा निकाल चूक होता हे न्यायालयाने स्वतः लिहून दिलं ते २०१७ मध्ये, खासगीपणाच्या खटल्यात. एक्केचाळीस वर्षं लागली. तू म्हणतोस "थोडं स्वातंत्र्य कमी". ते थोडं परत मिळायला एवढी वर्षं लागतात, आणि कोणाचं कमी करायचं हे तुला विचारून ठरत नाही.

आणि धरण आंदोलनामुळे नाही, निधीअभावी रखडलं. उलट लोकांनी आंदोलन केलं ते धरण पूर्ण व्हावं म्हणून!

एमपीएससी_शहादा
काका, धरणाचा मुद्दा मान्य. बाकीचं विचार करून बोलेन. शिस्त नको असं तर तुम्हीही म्हणणार नाही.

सातपुडा_धडगाव
शहाद्याच्या भावाला मीही दोन शब्द सांगतो, कारण तो राहतो त्याच मातीतली गोष्ट आहे. सत्तरच्या दशकात शहाद्यात आदिवासींचे पुढारी अंबरसिंग महाराज आणि शेतमजुरांची श्रमिक संघटना उभी राहिली. तेव्हा सालदाराला, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याला, काय मजुरी मिळते, कुणाच्या जमिनी कुणाकडे गेल्या, हे विचारणंच बेशिस्त समजलं जायचं. आखाजीला साल ठरायचं आणि वर्षभर तोंड उघडायचं नाही. त्या सालदारांची नातवंडं आज तुझ्याशेजारी बसून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत असतील.

माझ्या घरचं सांगतो. आमची शेती डोंगरउतारावर, वनखात्याच्या हद्दीत. आजा कसायचा, बाप कसायचा. दर एक-दोन वर्षांनी गार्ड यायचा, अतिक्रमण म्हणून दंड करायचा, पावती फाडायचा. बापाला वाचता येत नव्हतं, पण सरकारी शिक्का आहे म्हणून त्याने प्रत्येक पावती पत्र्याच्या डबीत ठेवली. २००६ चा वनहक्क कायदा आला. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत होतो हे दाखवायचं होतं. आम्ही डबी उघडली. ज्या कागदांनी आम्हाला चोर ठरवलं होतं त्याच कागदांनी आमचा दावा सिद्ध झाला. ज्यांच्याकडे पावत्या नव्हत्या त्यांच्यासाठी म्हाताऱ्यांचे जबाब घेतले. नियमात तोही पुरावा धरतात. दावा आधी ग्रामसभेपुढे जातो. आमच्या गावात ती सभा रात्री शेकोटीभोवती बसली होती, कारण दिवसा माणसं मजुरीला.

पट्टा मिळाला, आई आणि बाप दोघांच्या नावे. पण मागितलं त्यापेक्षा क्षेत्र कमी लागलं, मोजणीचं भांडण अजून चालू आहे. शेजारच्या पाड्यांतले कित्येक दावे नामंजूर झाले आणि का ते लेखी कळवलंच नाही. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला शेतकरी-आदिवासी चालत गेले, त्यात वनजमिनीची मागणी पहिल्या रांगेत होती. मुंबईकरांची परीक्षा बुडू नये म्हणून ती माणसं शेवटचा टप्पा रात्री चालली. शिस्त म्हणशील तर ती बघ.

एमपीएससी_शहादा
दादा, हे मी पुस्तकात वाचलं नव्हतं. आमच्या अभ्यासिकेत येऊन बोलाल का?

सातपुडा_धडगाव
येईन की. होळीनंतर कधीही. होळीत आमच्याकडे कोणी जागचं हलत नाही.

पाणी_आठव्या_दिवशी
धुळ्यातून. मी नळाच्या गढूळ पाण्याचा फोटो टाकला आणि जबाबदार माणसाचं पद लिहिलं, नाव नाही. दुसऱ्या दिवशी फोन. "ठाण्यात येऊन जा, साहेबांनी बोलावलंय." घरचे घाबरले. बायको म्हणाली, काढून टाका. मी अजून काढला नाही, पण झोपही लागली नाही. काय करायला हवं?

वकील_धुळे
फोनवरच्या बोलावण्यावर जाऊ नका. नम्रपणे सांगा, लेखी नोटीस द्या, मी वकिलासह हजर होतो. गुन्ह्याच्या चौकशीसाठी अटक न करता बोलवायचं असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली नोटीस द्यावी लागते. नोटीस आली तर मात्र टाळू नका. आणि अटक झालीच तर २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करणं बंधनकारक आहे.

पालघरच्या दोन मुलींना २०१२ मध्ये फेसबुकवरच्या मजकुरासाठी अटक झाली. एकीने लिहिलं होतं, दुसरीने फक्त लाइक केलं होतं. त्यानंतर एका कायद्याच्या विद्यार्थिनीने याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी ऑनलाइन मजकुरासाठी अटक करू देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द झालं. पाण्याचा फोटो हा गुन्हा नाही.

पाणी_आठव्या_दिवशी
तसंच सांगितलं. नोटीस आली नाही, पुन्हा फोनही नाही. पाणी अजून गढूळच आहे, आज नवा फोटो टाकला.

ओट्यावरचा
इथे सगळे सरकारबद्दल आणि घराबद्दल लिहितात, जातपंचायतीचं कोणीच काढलं नाही. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला मुलाने जातीबाहेर लग्न केलं म्हणून वाळीत टाकलं. मयतीला खांदा द्यायलासुद्धा कोणी आलं नाही.

वकील_धुळे
त्यासाठी महाराष्ट्रात स्वतंत्र कायदा आहे, सामाजिक बहिष्काराविरुद्धचा, २०१६ चा. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. त्या कुटुंबाला तक्रार द्यायची असेल तर निरोप पाठवा, मी फी घेणार नाही.

जुना_वाचक_जळगाव
थोडं विषयांतर. डिसेंबर १९३६ मध्ये आपल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात झालेलं पहिलं. अध्यक्ष नेहरू, मंडपाची सजावट नंदलाल बोस यांची, बांबू आणि गावातल्याच वस्तूंची. प्रौढ मताधिकाराने निवडलेली घटना परिषद हवी, ही मागणी तिथल्या ठरावात होती. रावेर-यावलच्या लोकांनी हे पोरांना सांगायला हवं.

केळीबाग_रावेर
काका, फैजपूर आमच्यापासून हाकेवर आहे. माझा आजा तिथे पाणी वाढायला होता असं घरात सांगतात.

मूळ प्रश्नाकडे येतो. मला आता एक हक्क वापरायचा आहे, मार्ग सांगा. केळीचा हवामान आधारित विमा काढला होता. जानेवारीत थंडीने घड चरकले, पाने करपली. विमावाले म्हणतात, तुमच्या महसूल मंडळात तापमान निकषाइतकं उतरलंच नाही, भरपाई बसत नाही. मी विचारलं का नाही बसत, तर एकच उत्तर, "सिस्टीममध्ये नाही." माहिती अधिकारात विचारू का, भरपाई का नाही दिली?

वकील_धुळे
"का" विचारू नका. कार्यालयाकडे जो कागद किंवा नोंद आहे ती मिळते, कारणमीमांसा मागितली तर अर्ज तिथेच अडतो. तालुका कृषी अधिकारी कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याला अर्ज करा. तुमच्या महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राच्या त्या कालावधीतल्या रोजच्या किमान तापमानाच्या नोंदी मागा. त्या हंगामाच्या शासन निर्णयाची प्रत मागा, निकष त्यात असतात. केंद्र बंद पडलं होतं का, त्याचा पत्रव्यवहार असल्यास तोही मागा. माहिती त्यांच्याकडे नसेल तर अर्ज पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवणं त्यांचं काम आहे.

मु_पो_पारोळा
आणि पोहोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. शिक्का, तारीख, सही. "नंतर देतो" म्हणाले तर तिथेच उभे राहा, किंवा सरळ स्पीड पोस्टाने पाठवा.

कारकून_पंचायत_समिती
तारखा नीट घाला, कुठपासून कुठपर्यंत. "सर्व माहिती" असं लिहू नका. मी त्या खिडकीच्या आत बसतो म्हणून सांगतो, असा अर्ज लवकर सुटतो.

केळीबाग_रावेर
मंडळातल्या अजून सहा-सात जणांना हेच उत्तर मिळालंय. सगळ्यांचा मिळून एक अर्ज चालेल का?

वकील_धुळे
एकाच्या नावाने करा, तेच बरं. नोंदी सगळ्या मंडळाच्या सारख्याच असणार. कागद आले की इथे टाका, विम्याच्या तक्रारीचा मसुदा मी करून देतो, त्यावर सगळ्यांच्या सह्या घ्या.

माहेरवाशीण_अमळनेर
आणि दादा, उताऱ्यावर बहिणीचं नाव असेल तर त्या तक्रारीवर तिचीही सही घ्या.

केळीबाग_रावेर
घेतो. परवा तिकडे जातोच आहे, समक्ष बोलतो.